सात हजारांची क्लच प्लेट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच विषय चाललाय. वहिनीची नवी गाडी ऑटोमॅटिक घ्यायची की मॅन्युअल? वहिनी रोज कात्रजहून हिंजवडीला जाते. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड. ज्यांनी हा रस्ता सकाळी साडेआठला केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. तिला ऑटोमॅटिक हवी आहे, दादाला नकोय. साताऱ्याहून काकांनी निकाल देऊन टाकला, "ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला की लाखाला खड्डा. मॅन्युअलची क्लच प्लेट सात हजारांत नवी." त्यावर अकरा जणांनी अंगठे टाकले. शेवटी दादाने मला ओढलं, "तू जर्मनीत आहेस, तूच सांग. तिकडे सगळे मॅन्युअलच चालवतात ना?"

मी बोडेनसे तळ्याच्या काठी, फ्रीडरिक्सहाफेनजवळ राहतो. गाव लहान, पण गिअरवाल्यांची पंढरीच म्हणायची. झेपेलिनच्या, म्हणजे फुग्यासारख्या तरंगणाऱ्या हवाई जहाजांसाठी दातेरी चाकं बनवायला १९१५ साली इथे एक कारखाना निघाला, तोच आजचा झेडएफ. या दोन अक्षरांचा अर्थच मुळी 'दातेरी चाकांचा कारखाना'. त्यांचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक २००९ पासून जगभरातल्या महागड्या गाड्यांत बसतोय. मी काही त्या कारखान्यात नाही, एका हॉस्पिटलचे संगणक सांभाळतो. गिअरबद्दल मला जे काही कळतं ते बिलं भरून कळलेलं आहे.

दादाचं म्हणणं पूर्वी खरं होतं. इथे परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर ७८ हा कोड पडायचा, म्हणजे मॅन्युअलवर पुन्हा परीक्षा देईपर्यंत फक्त ऑटोमॅटिक चालवा. त्या भीतीने सगळे क्लचवर शिकायचे. १ एप्रिल २०२१ पासून नियम सैल झाला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे दहा तास आणि एक छोटी चाचणी झाली, की मुख्य परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. तेव्हापासून ओघ ऑटोमॅटिककडे वळलाय. आपल्याकडे चारचाकीच्या लायसन्सला हा भेदच नाही, 'विदाउट गिअर' काय ते दुचाकीपुरतं.

भारतीय लायसन्स इथे सहा महिने चालतं, मग परत परीक्षा. महाराष्ट्रात बारा वर्षं गाडी हाणलेला मी, दुसऱ्याच दिवशी शिक्षकाने माझ्या पायाकडे बघून विचारलं, "हा डावा पाय इथे कायमचा राहायला आलाय का?" हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी सरकवायची आपली सवय त्याला बघवत नव्हती. चढावर उभं राहायचं तर हँडब्रेक ओढायचा, क्लचवर झुलत राहायचं नाही. मी मान डोलवली आणि पुढची चार वर्षं हाफ क्लचच चालवला.

त्याचं बिल माझ्याकडे अजून आहे. जुनी, सेकंडहँड मॅन्युअल हॅचबॅक. चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचं पण गाडी पुढे जायची नाही, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरकडे पोचवणारी क्लच प्लेट घसरत होती. गॅरेजवाल्याने क्लच सेट आणि त्यामागचं ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक), दोन्ही बदलायला सांगितलं. सुटे भाग ६१० युरो. मजुरी सहा तास, तासाला ११५ युरो, म्हणजे ६९०. वर १९ टक्के कर. एकूण १,५४७ युरो, रुपयांत सव्वा लाखाच्या वर. गाडी विकली असती तर याच्या तिप्पटही आले नसते. काकांची सात हजारांची प्लेट मला तेव्हा फार आठवली.

त्याच वर्षी दिवाळीला साताऱ्याला गेलो तेव्हा दादाच्या गाडीचाही क्लच गेला होता, आणि मी मुद्दाम मिस्त्रीकडे जाऊन बसलो. गाडी दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, खाली गोणपाट, गोणपाटावर उताणी दोन पोरं. एकाने गिअरबॉक्स छातीवर तोलून धरला आणि दुसऱ्याने शेवटचा बोल्ट सोडवला. इथल्या गॅरेजात या कामाला हायड्रॉलिक लिफ्ट, वेगळा जॅक आणि पायात पोलादी टोपीचे बूट. तिथे रबरी चपला. मिस्त्री क्लच दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवरच्या निळ्या डागांवर अंगठा फिरवून म्हणाला, "घाटात जाळलीय." संध्याकाळी गाडी दारात. एकूण साडेसात हजार, त्यात मजुरी अठराशे.

काकांच्या हिशेबात हीच गोष्ट दिसत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स मुळात स्वस्त आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात स्वस्त आहेत ते त्या पोरांचे हात, आणि त्यांच्या छातीचा विमा कुणी उतरवलेला नाही. त्याच दुरुस्तीला माणसाच्या तासाचे ११५ युरो लावा, की 'मॅन्युअल परवडते' हे वाक्य लटपटायला लागतं. उलट ऑटोमॅटिकमध्ये खर्च असतो तो बंद डब्यातल्या सुट्या भागांचा. तो भाग बाहेरून आला की साताऱ्यात त्याची किंमत कमी होत नाही आणि आपल्या स्वस्त मजुरीचा तिथे उपयोगही नाही. म्हणून इथला सल्ला तिथे चालत नाही. दादा, मी जर्मनीत आहे म्हणून मला विचारू नकोस, हेच माझं पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर असं, की 'ऑटोमॅटिक' नावाची एक गाडी नसतेच. ग्रुपवर तीन आठवडे भांडणाऱ्यांपैकी एकानेही 'कुठला ऑटोमॅटिक?' हे विचारलं नाही. आपल्याकडे ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला तो २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने, एएमटी बसवून. एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. पाय आणि हात मात्र यंत्राचे. म्हणून गिअर बदलताना गाडी मान टाकते. आणि म्हणूनच खंबाटकीच्या चढावर जॅममध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तिचीही प्लेट जळते. तिथे ब्रेकच दाबायचा. प्लेट आपला मिस्त्री बदलेल, पण ती दाबणारा ॲक्च्युएटर गेला तर पाच आकडी खर्च आणि कंपनीच्या वर्कशॉपची पायरी.

दुसरा प्रकार ड्युअल क्लच. त्यात एकी गिअरना एक क्लच, बेकीला दुसरा. मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो. त्यातला ड्राय, म्हणजे तेलाशिवाय कोरडा चालणाऱ्या क्लचचा प्रकार मात्र उन्हात, इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत तापतो. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये एकट्या चीनमध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्सपायी तीन लाख ऐंशी हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नवले पुलासाठी मी तो घेणार नाही. सीव्हीटीमध्ये गिअरच नसतात, दोन पुल्यांमध्ये पट्टा फिरतो; शांत माणसासाठी उत्तम, दादासारख्या पाय ठोकणाऱ्यासाठी नाही. राहिला जुना जाणता टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे गर्दीत सरकताना घासली जाईल अशी क्लच प्लेट मध्ये नसतेच. मॅन्युअलपेक्षा बरेच जास्त पडतात, पेट्रोल थोडं जास्त पितो. पण रोज दोन-दोन तास गर्दीत सरकायचं असेल तर माझं मत त्याला.

फक्त त्या गिअरबॉक्सचं तेल वेळच्या वेळी बदला. शोरूममधला मुलगा सांगेल, "सर, ऑईल लाइफटाइम आहे." अनेक गाडी कंपन्या हेच सांगतात. ज्या झेडएफने तो आठ गिअरचा डबा बनवला, ते स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणतात. लाइफटाइम कुणाचा, हे विचारून घ्यावं. गाडीचा की वॉरंटीचा?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी त्याला अंगठाही दिला नाही. दादाचा युक्तिवाद शेवटी 'मॅन्युअलमध्ये कंट्रोल असतो' इथे येऊन थांबला. रोज चाळीसेक किलोमीटर तो कंट्रोल सांभाळते वहिनी, आणि संध्याकाळी डाव्या गुडघ्याला बाम लावून स्वयंपाकाला उभी राहते ती पण वहिनीच. तो खर्च काकांच्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. गंमत म्हणजे मत मांडणाऱ्या अकरा जणांत या रस्त्याने रोज जाणारा एकही नाही. मी तर नाहीच. मी ऑफिसला सायकलने जातो.

मी दादाला एवढंच सांगितलं, की साताऱ्याला जाशील तेव्हा मिस्त्रीला विचार, ऑटोमॅटिक कधी उघडलाय का. दादा गेला. मिस्त्री म्हणाला, "उघडतो की. बसवायची गॅरंटी नाय."

हे उत्तर दादाने ग्रुपवर विजयी मुद्रेने टाकलं, काकांनी हसरे चेहरे पाठवले, मी पाच वर्षांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीवर उत्तर लिहायला बसलो. तेवढ्यात वहिनीचा मला वेगळा मेसेज आला. "भाऊजी, टॉर्क कन्व्हर्टरवाली बुक केली, वॉरंटीसकट. तुमचं चालू द्या."