वचक ठेवा म्हणे, नाहीतर टीम डोक्यावर बसते!

राजेहो, परवापासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरून रायला, 'चांगल्या लीडरचे चार नियम'. थोडक्यात असं की टीमपासून अंतर ठेवा नाहीतर डोक्यावर बसते, स्वतःची चूक कबूल करू नका, भरवसा टीमने आधी कमवावा मग तुम्ही द्यावा, आणि वर्षातून एकदा आउटिंग करा. आमच्या जुन्या साहेबांनी त्याला अंगठाही दिला. मी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत चौदा वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल गाडीत भरून पाठवायचं काम, सांभाळून रायलो, म्हणून बोलतो.

पहिला नियम घ्या. वचकाने पोरं शिस्तीत राहतात असं दिसते, पण खरं तर नुसती गप्प राहतात. मे महिना होता, शेडचा पत्रा तापलेला, आणि एका पोराच्या लक्षात आलं की खोक्यांवर जुन्या बॅचचं लेबल लागून रायलं. तेव्हा जेमतेम चाळीस खोकी झाली होती. तो केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेला अन् दोनदा परत आला, कारण आदल्याच आठवड्यात साहेबांनी एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं. गाडी लोड झाली, रायपूरला पोचली, तिथून फोन आला, सहाशे खोकी परत. वचक होता ना, पुरेपूर होता!

हे फक्त आमच्याच शेडचं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका मोजल्या, वाटलं होतं चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील, तर निघाल्या जास्त. कारण काय, तर तिथले लोक चूक झाली की सांगत होते, बाकी ठिकाणी दाबत होते. म्हणजे 'माझ्याकडे काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणणारा साहेब दिसला की मला तर धडकीच भरते.

चूक कबूल केली तर वचक जातो? त्या साहेबांनंतर ज्या मॅडम आल्या त्यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये उभ्या-उभ्या सांगितलं, "कालची गाडी चुकीच्या डेपोला गेली, मेल मीच अर्धा वाचला होता." कोणी हसलं नाही. दुपारी फोर्कलिफ्टवाला भाऊ आपणहून आला, मॅडम, परवा रॅकच्या पायाला धक्का लागला होता. जाऊन बघतो तर पाय चांगलाच आत दबलेला, वर दोन टन माल अन् खालून पोरं ये-जा करून रायली! तासाभरात रॅक रिकामा केला.

भरवसा आधी कमवा मग मिळेल, हे तिजोरीच्या चावीपुरतं ठीक आहे, नव्या माणसाला कोणी चावी देत नाही. पण टोयोटात लाइनवरचा कुठलाही कामगार अँडनची, म्हणजे गडबड दिसली की इशारा द्यायची, दोरी ओढू शकतो, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. तिथं आधी दहा वर्षं काढ मग दोरी ओढ असं कोणी म्हणत नाही.

आउटिंगचं काय बोलावं. आम्हालाही खिंडसी तलावावर नेलं होतं, बोटिंग झालं, सावजी जेवण झालं, सोमवारी बघतो तर ओव्हरटाइमचे तास रजिस्टरमधून कापलेले.

हे सगळं मी ग्रुपवरही टाकलं. साहेबांच्या ब्लू टिक आल्यात.