ज्याला कोणी नाही म्हणत नाही

महाराष्ट्रातल्या मित्रांशी निवडणुकीवर बोलणं निघालं की तक्रार ठरलेली: राजकारण्यांची भाषा फारच घसरली. खोटं नाही. पण नेदरलँड्समध्ये राहून मला ही तक्रार अपुरी वाटू लागली आहे. अगदी सभ्य भाषेतही मतदाराला छान गुंडाळता येतं.

२०२४च्या विधानसभेला वाद रंगला तो ‘बटेंगे तो कटेंगे’वर. बाजूचे आणि विरोधातले, सगळे त्यावरच तुटून पडले. त्याच प्रचारात महायुती लाडक्या बहिणींना १५००चे २१०० रुपये करू म्हणत होती आणि महाविकास आघाडी महिलांना ३००० देऊ म्हणत होती. त्यासाठी कर वाढणार, कर्ज वाढणार की दुसऱ्या कशाला कात्री लागणार? यावर ‘बटेंगे’च्या घोषणेवर झाला त्याच्या निम्म्यानेही वाद झाला नाही. खरं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर आचारसंहितेतच भर पडली आहे: आश्वासनामागचं कारण आणि पैसा उभा करण्याचा मार्ग पक्षांनी जाहीरनाम्यात ढोबळमानाने सांगावा. ढोबळमानाने म्हटल्यावर आकडे कोण कशाला मांडेल!

इथे नेदरलँड्समध्ये सेंट्रल प्लॅनिंग ब्युरो नावाची सरकारी पण स्वतंत्रपणे चालणारी संस्था आहे. १९८६पासून ती निवडणुकीआधी पक्षांच्या कार्यक्रमांचा हिशेब मांडते: तूट किती वाढेल, लोकांच्या हाती काय उरेल, रोजगाराचं काय होईल. सक्ती कुणावर नाही. २०२३मध्ये गीर्त विल्डर्स यांच्या पक्षाने हिशेब तपासून घेतलाच नाही, आणि १५०पैकी ३७ जागा घेऊन तोच पहिला आला. त्यामुळे इथले मतदार फार शहाणे, असं सांगायला मी बसलेलो नाही.

मला जास्त कामाची वाटते ती ‘स्टेमवायझर’ ही मतदारांसाठीची प्रश्नावली. त्यात साधारण ३० विधानं असतात. प्रत्येकाला सहमत की असहमत ते सांगायचं. मग तुमची उत्तरं पक्षांच्या उत्तरांशी ताडून दाखवली जातात. पक्षांची कारणंही शेजारीच वाचता येतात. खरी कसोटी विधानं निवडण्यात आहे. ‘शेतकऱ्याला न्याय मिळालाच पाहिजे’ हे तिथे चालणार नाही, कारण त्याला असहमत म्हणणारा पक्षच सापडायचा नाही. ‘साडेसात अश्वशक्तीपेक्षा मोठ्या कृषिपंपांनाही मोफत वीज द्यावी’ हे चालेल. लगेच दोन बाजू पडतात, आणि बिल कोण भरणार हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

आपल्याकडची भाषणं या चाळणीतून काढून पाहा. विकास, अस्मिता, बळीराजाचा सन्मान, सगळं गळून जातं. ‘बटेंगे’सुद्धा गळतं, कारण सत्तेवर आल्यावर काय करणार याचा त्यात पत्ताच नाही.

अशी ३० मराठी विधानं काढायला सरकारी संस्थेची वाट कशाला पाहायची? एखादं विद्यापीठ किंवा वृत्तपत्र पुढच्या निवडणुकीआधी ती सगळ्या पक्षांकडे पाठवू शकेल. जे पक्ष उत्तर देणार नाहीत, त्यांच्या नावापुढची जागा तशीच कोरी छापावी.