यंत्र हरतालिकेतच राहिलं

आमच्या मुलुंडच्या घरात टीव्हीमागे एक सर्व्हर आहे. पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, पण काम करतो तिघांचं: फोटोंचा बॅकअप घेतो, जाहिराती अडवतो आणि घरातला कुठलाही फोन कुठलीही वेबसाइट मागू लागला की तिचा पत्ता शोधून देतो. शेवटचं काम महत्त्वाचं. तो रुसला की घरात राउटरचे सगळे दिवे हिरवे असूनही इंटरनेट बंद.

गणपतीला आम्ही कोकणात जातो. निघताना बाबा मेन स्विच बंद करतात. रेल्वेत हयात गेलेला माणूस. गॅस, नळ आणि स्विच पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कुलूप लागत नाही. आता, माझ्या या बोर्डावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही. तो तासातासाला वेळ मेमरी कार्डावर टिपून ठेवतो आणि जागा झाला की तिथूनच पुढे मोजायला लागतो. आम्ही मोदक, आरत्या, गौरी, विसर्जन आणि परतीच्या गाडीतली रेटारेटी उरकून घरी आलो, तर सर्व्हरच्या मते हरतालिका उद्यावर आली होती.

"इंटरनेट गेलंय," बायकोने चपला काढायच्या आत जाहीर केलं.

भानगड अशी. वेबसाइटचा पत्ता खरा की बनावट हे तपासायला त्यावर डिजिटल सही असते, आणि सही अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच ग्राह्य धरायची असते. माझा सर्व्हर ही तपासणी काटेकोरपणे करतो. त्याला इंटरनेटच्या पत्त्यांच्या थेट मुळापासूनच्या सह्या पुढच्या आठवड्यातल्या दिसल्या. बाणेदारपणे त्याने सगळं जग बनावट ठरवलं आणि पत्ते देणं बंद केलं. बरं, तारीख सुधारायची तर टाइम सर्व्हरला, म्हणजे इंटरनेटवर अचूक वेळ सांगणाऱ्या यंत्राला, विचारायला हवं. त्याचं नाव ठाऊक होतं, पत्ता हवा होता. पत्ता कोण देणार? हाच. आणि वेळ बरोबर झाल्याशिवाय हा पत्ता देणार नाही.

"अरे, फोनमध्ये किती वाजलेत ते बघ आणि सांग की त्याला," आई म्हणाली.

आईचं शंभर टक्के बरोबर होतं. एका ओळीच्या कमांडने हाताने वेळ घालता आली असती आणि बायकोची मालिकाही चुकली नसती. पण घरात सर्व्हर पाळणाऱ्या जमातीला ताप उतरवण्यात रस नसतो, निदान हवं असतं.

मी मोबाइल डेटावरून टाइम सर्व्हरचा नुसता आकडी पत्ता शोधून भरला. वेळ पाळणारा प्रोग्राम सुरू केला. तो क्षणभर जगला आणि मेला. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, कारण होतं: फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त आहे, घड्याळ हाताने लावा. हा बिघाड नव्हे, धोरण आहे. १९८५ साली डेव्हिड मिल्स यांनी मांडलेल्या एनटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या पद्धतीची, ही परंपरा: फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळ हळूहळू सरकवायचं, त्यापुढे एकदम उडी मारायची, आणि हजार सेकंदांच्या वर गेला तर कुणावरच विश्वास न ठेवता राजीनामा द्यायचा. हळूहळू म्हणजे किती? सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. या गतीने एका दिवसाची चूक भरून काढायला साडेपाच वर्षं लागतात. गणपतीची सुट्टी फेडेपर्यंत मी निवृत्त झालो असतो.

"मुंबईचं पाणीच तसं," बाबा म्हणाले. "१९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी इथे १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम चालायचा. ३९ मिनिटं मागे." सर्व्हरची बाजू घेणारं घरात कुणीतरी निघालं. एवढं करून यंत्राच्या टाइमझोनच्या यादीत मुंबईचं नावच नाही. मुलुंडमधल्या यंत्राला 'एशिया/कोलकाता' लावावं लागतं, यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की यादी मीच केली असावी.

शेवटी वेळ पाळणाऱ्या प्रोग्रामच्या कमांडला '-जी' जोडलं. म्हणजे एकदाच कितीही मोठी उडी मारायची मुभा. प्रोग्राम टिकला. पडद्यावर स्ट्रॅटम १६, म्हणजे वाळीत टाकलेला. या उतरंडीत शून्यावर अणुघड्याळ, एकावर त्याला थेट जोडलेला सर्व्हर, असं १५ पर्यंत. १६ म्हणजे तुमची वेळ कुणी विचारू नये. शेजारच्या 'रीच' रकान्यात ० होता. मग १ झाला. मग ३, ७, १७.

"हे कसले आकडे?" बाबा खुर्ची ओढून बसले.

"आठच्या पायावर मोजतात. प्रत्येक हाकेला ओ आली की वाढतात. शेवटच्या आठही हाकांना उत्तर आलं की ३७७."

३७. ७७. दर मिनिटाला एखादा आकडा. दिवा स्टेशनातून लोकल सुटायची वाट बघावी तसे आम्ही दोघं त्या रकान्याकडे बघत बसलो. ओळीच्या सुरुवातीला चांदणी उमटली, म्हणजे टाइम सर्व्हर पसंत पडला, तारीख सुट्टीवरून उडी मारून आजवर आली आणि आतल्या खोलीतून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं.

पक्का इलाज म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एक छोटं घड्याळाचं मॉड्यूल आणलं. डीएस-३२३१ नावाची चिप, हवा गरम-गार झाली तरी चाल फारशी न सोडणारी. "सेल साथ में नहीं आता," दुकानदार म्हणाला. नाण्याएवढा सीआर-२०३२ वेगळा घेतला.

बाबांनी मॉड्यूल उलटंपालटं करून पाहिलं. "हा सेल काही वर्षांनी संपणार. लक्षात कोण ठेवणार?"

"सर्व्हरवर रिमाइंडर लावलाय," मी म्हणालो.