कोलेकॅल्सिफेरॉल हे नाव घराघरांत माहीत हवं

बडोद्याच्या रावपुऱ्यात मेडिकलच्या काउंटरवर बसून जे रोज बघते, ते आज लिहून काढते. लोकांना औषधाचं कंपनीने ठेवलेलं नाव पाठ असतं, पाकिटाचा रंग पाठ असतो, आत काय आहे ते मात्र घरात कोणालाच ठाऊक नसतं. बीपीच्या गोळीबद्दल निदान चार प्रश्न तरी विचारतात. व्हिटॅमिन म्हटलं की तेही नाही. शक्तीचंच तर आहे, जरा जास्त गेलं तर काय बिघडतं, असं चांगली शिकलेली माणसंही म्हणतात.

बिघडतं. आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते 'साठ हजारवाली पुडी' म्हणून जी मागतात तिच्यात. त्या पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं कोलेकॅल्सिफेरॉल. हेच डी थ्री, म्हणजे व्हिटॅमिन डीचा एक प्रकार.

नाव लांबलचक आहे, पण फोडून बघितलं तर सगळं सांगतं. 'कोले' म्हणजे ग्रीकमध्ये पित्त. पित्ताशयातल्या खड्यांत जो घट्ट, मेणचट पदार्थ सापडला त्यावरून कोलेस्टेरॉल हे नाव पडलं, आणि आपल्या कातडीत त्याच कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं हे जीवनसत्त्व बनतं. 'कॅल्सि' म्हणजे कॅल्शियम, 'फेर' म्हणजे लॅटिनमध्ये वाहून आणणं, शेवटचं 'ऑल' रसायनाचं कूळ दाखवतं. कॅल्शियम वाहून आणणारं. आतड्यातून कॅल्शियम रक्तात घ्यायला मदत करणं हे त्याचं मुख्य काम. हे एकदा कळलं की जास्त झाल्यावर काय होईल तेही आपोआप कळतं: रक्तातलं कॅल्शियम वाढेल.

'डी' या अक्षरातून यातलं काहीच कळत नाही. ए, बी, सी झाले, पुढचं अक्षर डी, म्हणून मॅककॉलम या शास्त्रज्ञांनी १९२२मध्ये ते दिलं. रांगेतला नंबर, एवढाच त्याचा अर्थ. व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा कासिमिर फुंक या शास्त्रज्ञांनी १९१२मध्ये जीवनाला आवश्यक अमाइन (म्हणजे नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं रसायन) अशा अर्थाने केला होता. पुढे ही सगळी द्रव्यं अमाइन नाहीत हे दिसलं, म्हणून १९२०मध्ये इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर गाळलं. आपल्या कोलेकॅल्सिफेरॉलमध्ये तर नायट्रोजनच नाही, मग ते अमाइन कुठून असणार?

आता आकडे बघा. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिट धरतात. एका पुडीत ६०,०००. म्हणजे शंभरपट. वजनात ते भरतं जेमतेम दीड मिलिग्रॅम, म्हणून डोळ्याला काही कळत नाही, दुधात घातलं की संपलं. ही पुडी सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. बी किंवा सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. हे चरबीत साठून राहतं.

दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका आजींनी ती रोज रात्री दुधातून घेतली. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून एकदा' त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आधी बद्धकोष्ठता, मग सारखी तहान, मळमळ, जेवणावरची वासना गेली, शेवटी बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं, वय झालं. रक्त तपासलं तर कॅल्शियम खूप चढलेलं. दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागलं. आता बऱ्या आहेत, पण किडनीवर बेतलं असतं. पुड्या कुठून घेतल्या, चिठ्ठी कोणाची, ते इथे लिहीत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं.

दुसरा धोका सारख्या वाटणाऱ्या नावांचा. एखाद्या गिऱ्हाईकाचा मुलगा फोनवर विचारतो, "ताई, कॅल्सिट्रिऑल नाहीये, तर ती डीची पुडी देऊ का बाबांना? एकच ना?" एकच नाही. कोलेकॅल्सिफेरॉलवर आधी यकृत आणि मग किडनी काम करते, तेव्हा कुठे कॅल्सिट्रिऑल तयार होतं. किडनी थकलेल्या माणसाला म्हणूनच ते तयार स्वरूपात देतात, तेही पाव मायक्रोग्रॅमसारख्या मात्रेत. कॅल्सिटोनिन तर वेगळंच संप्रेरक. हा अदलाबदलीचा निर्णय डॉक्टरांचा, दुकानदाराचाही नाही.

आमच्याकडे अजून एक प्रश्न हमखास येतो: "बेन, आ वेज छे ने?" त्याचंही अर्धं उत्तर नावात आहे. कोलेकॅल्सिफेरॉल बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्ध पदार्थापासून करतात. अर्गोकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी टू, बुरशी किंवा यीस्टपासून. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी थ्रीही मिळतं. कॅप्सूलचं जिलेटिन, जे प्राण्यांपासून करतात, हा आणखी वेगळा विषय. विचारणाऱ्याला हे नीट सांगायलाच हवं, त्याच्या श्रद्धेचा प्रश्न असतो.

२०१८मध्ये नियम झाला की औषधाचं मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा निदान दोन फाँट मोठं छापायचं. चांगला नियम. पण त्यातून व्हिटॅमिनची मिश्रणं वगळली. ही सूट मला अजिबात पटत नाही. हाडांसाठी एक गोळी, अशक्तपणासाठी दुसरी, वर पुडी, आणि तिन्हींत डी थ्री, असं गिऱ्हाईक आम्ही नेहमी बघतो. नाव ठळक असतं तर त्यांनी स्वतःच ओळखलं असतं. ही सूट काढा, आणि नाव गुजराती, मराठी, हिंदी अक्षरांतही छापा. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, १९३१चा 'सयाजी शासन कल्पतरू'. लोकांच्या भाषेत शब्द पोचवायची या गावाला सवय आहे.

तोवर आमच्या दुकानात आम्ही प्रत्येक पुडीवर पेनने वार आणि तारीख लिहून देतो, आणि आधीच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन या म्हणतो. दुसऱ्या मेडिकलवाल्या मित्रांनीही हे करावं. दोन मिनिटं लागतात. तुम्ही कुठूनही घ्या, पण काउंटरवरून हलायच्या आधी वार लिहून मागा.