बुसानच्या टेकडीवर यी सुन-शिन का हवेत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दक्षिण कोरियातल्या बुसान बंदराच्या टेकडीवरील योंगदुसान उद्यानावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि न आवडलेलं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमची प्रतिक्रिया मोठी आहे. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. सोळाव्या शतकात जपानी आक्रमणाशी लढलेले कोरियाचे दर्यासारंग यी सुन-शिन यांच्या गाजलेल्या लढाया दक्षिण किनाऱ्यावर इतरत्र झाल्या, बुसानच्या या टेकडीशी त्यांचा संबंध नाही. १९५५ साली तिथे उभारलेला पुतळा म्हणजे दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या राजवटीचं जपानविरोधी राजकारण. मी त्या पुतळ्याला डोक्यावर घेतलं आणि टेकडीभोवती दोनशे वर्षं नांदलेली जपानी व्यापारी वसाहत मात्र दोन ओळींत उरकली. म्हणून पुतळा एखाद्या संग्रहालयात हलवून टेकडी मोकळी करावी, असं तुम्ही सुचवलं आहे. भारतीय वाचकाला याचं काय, असंही जाता जाता विचारलं आहे.

पुतळा हलवावा हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं मुख्य कारण तुमच्या पहिल्याच मुद्द्यात आहे.

मे १५९२ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीचं सैन्य कोरियात उतरलं ते बुसानलाच. बुसानजिनचा किल्ला लढवताना किल्लेदार जोंग बाल पडले, पाठोपाठ दोंगनेचा किल्ला गेला आणि तीन आठवड्यांत राजधानी सोलही गेली. तिथून पुढे १५९८ पर्यंत बुसान हा जपानी फौजेचा कोरियातला उंबरठा होता. माणसं, तांदूळ, दारूगोळा त्सुशिमा या वाटेवरच्या जपानी बेटामार्गे याच बंदरात येत होता. उत्तरेत प्योंगयांगपर्यंत धडकलेल्या फौजेला रसद पोचवायची तर बुसानहून पश्चिमेकडे वळून पिवळ्या समुद्रात शिरायला हवं होतं. ओकपो, साचन आणि ऑगस्ट १५९२ मधली हान्सान बेटाची लढाई, या सगळ्यांत यींनी अडवली ती हीच वाट. तुम्ही ज्यांना 'दुसरीकडच्या' लढाया म्हणता, त्या बुसानमधून निघणाऱ्या जहाजांशीच झाल्या होत्या.

आणि ते स्वतः बुसानवर चालूनही आले होते. ५ ऑक्टोबर १५९२ रोजी त्यांचं आरमार थेट बंदरात घुसलं. जपान्यांची चारशेहून अधिक जहाजं तिथे नांगरून पडली होती. जपानी सैनिक जहाजं सोडून टेकड्यांवर चढले आणि वरून गोळ्या व बाणांचा मारा करू लागले. तरीही कोरियन आरमाराने शंभराहून अधिक जहाजं फोडली. यींचा अत्यंत विश्वासू सरदार जोंग उन त्या दिवशी गोळी लागून गेला. राजाला पाठवलेल्या अहवालात यींनी लिहिलं आहे की आजवर दहा वेळा लढलो आणि दहाही वेळा जिंकलो, पण सैनिकांचं कर्तृत्व तोलायचं झालं तर बुसानच्या या लढाईहून मोठं काही नाही. हा हान्सान जिंकलेल्या माणसाचा स्वतःचा निवाडा आहे. बुसान शहर आजही आपला नागरिक दिन ५ ऑक्टोबरलाच साजरा करतं.

त्या लढाईने बुसान मुक्त झालं असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही, कारण ते झालं नाही. किनाऱ्यावरचे किल्ले शत्रूकडेच राहिले. जमिनीवरून सैन्य आल्याखेरीज नुसत्या आरमाराने हे बंदर परत मिळणार नाही, हे यींनी त्याच वेळी ओळखलं होतं. दरबाराला ते कधी उमजलं नाही, आणि पुढची शोकांतिका त्यातूनच घडली. १५९७ च्या सुरुवातीला एका जपानी हेराने आणलेल्या बातमीवर विसंबून, समुद्र ओलांडून येणाऱ्या जपानी सेनापती कातो कियोमासाला गाठा, असा हुकूम यींना मिळाला. हा सापळा आहे असं वाटल्याने ते निघाले नाहीत. त्यापायी त्यांना पकडलं, छळलं आणि पद काढून साधा शिपाई केलं. त्यांच्या जागी आलेल्या वॉन ग्युनला वरून दडपण आणून बुसानच्या मोहिमेवर धाडलं गेलं, आणि त्या मोहिमेत जवळजवळ सगळं कोरियन आरमार बुडालं. उरलेल्या तेरा जहाजांनिशी, पुन्हा दर्यासारंगपदी आलेल्या यींनी म्योंगन्यांगच्या अरुंद सामुद्रधुनीत कितीतरी मोठ्या जपानी आरमाराला कसं हरवलं ते तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबर १५९८ मध्ये नोर्यांगला ते पडले, तेव्हा समोरचा शत्रू बुसान गाठून मायदेशी निसटायच्या धडपडीत होता.

त्यांनी स्वतः सर्वांत मोठी मानलेली लढाई बुसानची. तुरुंगवासाचं निमित्त बुसानच्या बाजूची मोहीम. शेवटच्या लढाईतल्या शत्रूची वाटही बुसानकडे जाणारी. या माणसाचा पुतळा कोरियात कुठे असावा असं कुणी मला विचारलं, तर या बंदरावरच्या टेकडीहून योग्य जागा मला सुचत नाही.

आता राजकारणाचा मुद्दा. पुतळा री यांच्या काळातला आहे आणि त्या काळाच्या जपानविरोधाचा रंग त्यावर आहे, यात वाद नाही. पण त्यानंतर काय झालं ते पाहा. याच उद्यानाला री यांच्या टोपणनावावरून 'उनाम उद्यान' असं नाव दिलं गेलं होतं. एप्रिल १९६० च्या उठावात री यांची सत्ता गेली. सोलच्या तापगोल उद्यानातला त्यांचा पुतळा लोकांनी दोर लावून खाली ओढला. बुसानच्या टेकडीवरूनही 'उनाम' हे नाव गेलं आणि योंगदुसान हे जुनं नाव परत आलं. यी सुन-शिन यांना मात्र कुणी हात लावला नाही. हुकूमशहाचं काय आणि आपलं काय, हे लोकांना नेमकं कळत होतं. पुतळा उभारणाऱ्याचा हेतू बघावाच, पण राजवट बदलल्यावर लोकांनी त्यातलं काय ठेवलं आणि काय टाकलं, हा मला त्याहून भक्कम पुरावा वाटतो.

वसाहतीबद्दल. युद्ध संपल्यावर दहा-अकरा वर्षांतच कोरियाने त्सुशिमाशी पुन्हा व्यापार सुरू केला आणि १६७८ साली योंगदुसानच्या पायथ्याभोवती चोर्यांग वेग्वान वसवलं; तुम्ही म्हणता ती जपानी व्यापारी वसाहत हीच. सुमारे एक लाख प्योंग, म्हणजे तीन लाख चौरस मीटरहून मोठं आवार. आत त्सुशिमाचे चार-पाचशे पुरुष, बायकांना मज्जाव, परवानगीवाचून भिंतीबाहेर पाऊल टाकायला बंदी. जपानची चांदी इकडे यायची, कोरियन जिनसेंग आणि चिनी रेशीम तिकडे जायचं. हा इतिहास विलक्षण आहे, याबाबत आपल्यात मतभेद नाही. पण तो पुतळ्याच्या विरोधात उभा करता येत नाही. कडक अटींवर चाललेला हा व्यापार म्हणजे एका भयंकर युद्धानंतर दोन शेजाऱ्यांनी कष्टाने जमवलेली घडी होती. युद्ध बाजूला काढलं तर त्या भिंती आणि ते नियम कशासाठी होते हेच कळणार नाही.

आणि १८७६ नंतर ती घडी मोडली कुणी, हेही सांगायला हवं. जपान आणि कोरियातल्या गांगह्वाच्या तहाने बंदर उघडलं आणि वेग्वानची जागा जपानची सवलतीची वस्ती बनली. त्सुशिमाच्या दर्यावर्दींनी आपल्या रक्षणकर्त्या देवासाठी टेकडीवर बांधलेलं छोटं देऊळ वाढत वाढत जपानच्या शिंतो धर्माचं सरकारी देवस्थान झालं. १९३० च्या दशकात कोरियाभर अशा देवस्थानांपुढे झुकायची सक्ती झाली, तेव्हा बुसानमध्ये त्यासाठी हीच टेकडी होती. १९४५ साली, स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, ते देवस्थान जळालं. दहा वर्षांनी तिथे आलेला पुतळा या सगळ्यानंतर आलेला आहे. 'शांतपणे नांदलेली वसाहत' म्हणताना ही पुढची सत्तर वर्षं तुमच्या प्रतिक्रियेतून गळली आहेत.

मधल्या दहा वर्षांबद्दल तुम्ही काहीच म्हटलं नाही, पण मला ती महत्त्वाची वाटतात. कोरियन युद्धात बुसान तात्पुरती राजधानी झालं आणि उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी ही टेकडी फळकुटांच्या झोपड्यांनी भरून गेली. डिसेंबर १९५४ मध्ये आग लागली आणि वस्ती खाक झाली. भारतीय वाचकाचा संबंध विचारलात तर तो याच काळातला आहे. नोव्हेंबर १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली आपली ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी बुसान बंदरातच उतरली होती. कोरियात आजही त्यांचं नाव आदराने घेतलं जातं.

राहिली टेकडी मोकळी करण्याची सूचना. समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास मीटर उंचीच्या या टेकडीवर १९७३ पासून १२० मीटरचा बुसान टॉवर उभा आहे. पर्यटक सरकत्या जिन्याने वर येतात, टॉवरचं तिकीट काढतात, फुलांच्या घड्याळापाशी फोटो घेतात आणि उतरतात. पुतळा नेला तर उरेल ते एवढंच. दर्यासारंग तिथे आहेत म्हणून निदान एखादं मूल वडिलांना विचारतं, हे कोण, आणि इथे कशाला उभे आहेत. त्या उत्तरात वेग्वान, देवस्थान, झोपड्या आणि आग हे सगळं सविस्तर यावं, ही तुमची मागणी असेल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

वेग्वानवर मी स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. त्सुशिमाच्या चांदीच्या व्यापाराची तुम्हाला चांगली माहिती दिसते. जिनसेंगच्या चोरट्या व्यापाराबद्दल तुम्ही जे ओझरतं लिहिलं आहे, ते जरा विस्ताराने कळवलंत तर मला फार उपयोग होईल.