शिकायला आलेल्या मुलींनी शहर पाहावे, रात्रीचेसुद्धा

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे फेब्रुवारीचे सत्र तोंडावर आले की पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडच्या पालकांचे निरोप ओळखीपाळखीतून माझ्यापर्यंत पोहोचू लागतात. खोली कुठे घ्यावी, सुरुवातीला जवळ किती पैसे असावेत, कुकर तिकडे मिळतो की इथून बांधून द्यावा, असे सगळे विचारून झाले की शेवटी एक वाक्य हमखास येते : 'तिला जरा समजावून सांगा, आधी अभ्यास आणि काम, हिंडणे-फिरणे, रात्रीअपरात्री बाहेर राहणे नको.' या वाक्यामागची काळजी मला कळते, कारण मीही मेलबर्नला पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढूनच आले आणि पुढे इथेच नोकरीला लागले. तरीही हा निरोप मी त्या मुलींपर्यंत पोहोचवत नाही. तो का पोहोचवत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते.

आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचे मेलबर्न म्हणजे क्लेटन किंवा टारनेट या उपनगरांतली सामायिक खोली, विद्यापीठ आणि कामाची शिफ्ट ही तीनच ठिकाणे. दोन वर्षे अशी निघून जातात आणि पदवी हातात येते तेव्हा त्या मुलीला इथले एकही घर आतून माहीत नसते. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, ही मर्यादा १ जुलै २०२३ पासून लागू आहे. म्हणजे सरकारनेच विद्यार्थ्याच्या आठवड्यात मोकळा वेळ ठेवलेला आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या राहणीखर्चापोटी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, तेही माणूस इथे नुसता झोपून-जेवून राहणार नाही हे गृहीत धरूनच. आपल्या घरांमध्ये मात्र ही रक्कम कागदावर दाखवण्यापुरती मानली जाते आणि त्यातला एक डॉलर नाटकाच्या किंवा सामन्याच्या तिकिटावर गेला तर तो उधळपट्टीत जमा होतो. मला हे मनापासून चुकीचे वाटते. मुलीच्या महिन्याच्या हिशेबात भाडे आणि किराण्याच्या खाली शहर पाहण्याचा एक रकाना आई-वडिलांनीच आखून द्यावा, म्हणजे ती चोरून जाणार नाही आणि गेल्यावर अपराधीही वाटून घेणार नाही.

नव्या विद्यार्थ्याला इथली रात्र पहिल्यांदा फसवी वाटते. लक्ष्मी रस्त्यावर रात्री नऊला पाय ठेवायला जागा नसते, आणि इथे संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला बरीचशी दुकाने शटर ओढून घेतात, त्यामुळे गाव झोपले असा समज होतो. प्रत्यक्षात गर्दी गल्लीबोळांत, जिन्यांवरच्या खोल्यांत आणि गच्च्यांवर गेलेली असते. याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, व्हिक्टोरिया राज्याने पब संध्याकाळी सहाला बंद करण्याचा नियम केला आणि तो थेट १९६६ पर्यंत टिकला. पाचला काम सुटायचे, सहाला दारे बंद व्हायची, आणि मधल्या तासाभरात पुरुषांचे घोळके मिळेल तेवढी बिअर घशाखाली ओतायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस परवान्यांचे नियम बरेच सैल झाले आणि नव्वदीत मागच्या गल्ल्यांमधून लहान-लहान बार उघडू लागले, जिथे बसून बोलता येते आणि बाईमाणसाला एकटे शिरताना बिचकावे लागत नाही. ज्या रात्रीसाठी आज लोक मेलबर्नला येतात, ती या शहराने गेल्या चार दशकांत घडवलेली आहे, आणि ती पाहिल्याखेरीज इथली माणसे कशी वागतात-बोलतात हे पुस्तकातून कळत नाही.

दारूबद्दल स्पष्ट लिहिते, कारण पालकांच्या मनातली खरी धास्ती तीच असते. इथे वयाची अट १८ वर्षांची आहे, तर महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ वर्षांची. त्यामुळे बावीस वर्षांची मुलगी एका विमानप्रवासात एका कायद्यातून दुसऱ्यात येते आणि तिच्याशी याविषयी घरात कोणी एक शब्दही बोललेले नसते. मी स्वतः दारू घेत नाही आणि त्यामुळे इथे माझे कधी काही अडले नाही. गटातला एक जण सगळ्यांसाठी पेये आणतो, पुढची पाळी दुसऱ्याची, अशी इथली रीत आहे. न पिणाऱ्याने सुरुवातीलाच 'मी माझे मी घेते' असे सांगितले की तो विषय तिथेच मिटतो. परवानाधारक ठिकाणी पिण्याचे पाणी फुकट देणे व्हिक्टोरियात कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पाण्याचा ग्लास मागण्यात कसलाही कमीपणा नाही. मुलींना एवढेच सांगते की आपला ग्लास सोडून उठू नका, आणि सोडून उठलात तर परत येऊन त्याला तोंड लावू नका.

शिवाय बारमध्ये न जाताही रात्र भरगच्च होते. उन्हाळ्यात दर बुधवारी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटच्या जुन्या शेडखाली रात्रीचा बाजार भरतो. मार्चमधल्या मुंबा उत्सवाच्या दिवसांत यारा नदीकाठी फुकट कार्यक्रम असतात. पण मला निवडायला सांगितले तर मी शुक्रवारी रात्रीचा फुटबॉलचा सामना निवडेन, तोही मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. आपण या मैदानाला बॉक्सिंग डेच्या कसोटीमुळे ओळखतो, पण शहराचा जीव हिवाळ्यातल्या ऑस्ट्रेलियन रूल्स या लांबट चेंडूच्या, इथल्या वेगळ्या फुटबॉलमध्ये अडकलेला आहे. सामना सुटल्यावर हजारो माणसे विल्यम बराक पुलावरून नदीकाठच्या बिरारुंग मार बागेकडे आणि तिथून फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाकडे पायी चालत निघतात. गळ्यात दोन वेगवेगळ्या रंगांचे मफलर घातलेली माणसे एकाच पुलावर खांद्याला खांदा लावून चालतात. हरलेल्या संघाचे आजोबा नातवाला पंचाचा कुठला निर्णय चुकला ते समजावत असतात आणि शेजारून जाणारा जिंकलेल्या संघाचा तरुण त्यांना अदबीने दुसरी बाजू ऐकवतो. या गर्दीत मला एकदाही परके वाटलेले नाही. मागच्या हिवाळ्यात मी जळगावच्या एका मुलीला मुद्दाम तिथे नेले; सामन्याच्या पहिल्या सत्रात तिला नियम कळत नव्हते, शेवटच्या सत्रात ती मागच्या रांगेतल्या बाईंबरोबर उभी राहून ओरडत होती, आणि पुढच्या सामन्याला त्याच बाईंनी तिला आपल्या घरच्यांसोबत बोलावले.

दिवसाचे पाहणे मी थोडक्यात सांगते, कारण त्याला कोणाचा विरोध नसतो. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाचा कायमचा संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. तिथल्या मोठ्या दालनात लोक गालिच्यावर चक्क आडवे होतात आणि छताच्या रंगीत काचा पाहतात, तसे तुम्हीही पाहा. स्टेट लायब्ररीचे घुमटाखालचे अष्टकोनी वाचनालय १९१३ चे आहे आणि तिथे बसून अभ्यास करता येतो. ३१ मार्च २०२३ पासून राज्यभरातल्या रेल्वेचे दिवसाचे कमाल भाडे मेलबर्न शहराएवढेच झाले आहे, म्हणून बॅलराट, बेंडिगोसारखी सोन्याच्या खाणींची गावे आता विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात.

आता परतीच्या प्रवासाविषयी. २००९ मध्ये इथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ३१ मे रोजी हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरचा चौक अडवून धरला, हे महाराष्ट्रातले पालक अजून विसरलेले नाहीत आणि त्यांनी विसरावे असे मी म्हणणार नाही. मात्र हल्ला झालेल्यांतले अनेक विद्यार्थी मौजेसाठी बाहेर पडलेले नव्हते. ते उशिराच्या शिफ्टवरून उपनगरातल्या सुनसान स्थानकावर उतरून एकटे घरी निघालेले होते. म्हणजे आपण ज्या कामाला 'जा' म्हणतो, त्याच कामावरून परतताना धोका होता. त्यानंतर २०१२ पासून संध्याकाळी सहानंतर स्थानकांवर सुरक्षा अधिकारी नेमायला सुरुवात झाली, आणि २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी रात्रभर गाड्या धावतात : लोकल साधारण तासाला एक, ठरावीक मार्गांवरच्या ट्राम अर्ध्या तासाला एक. शहराच्या मध्यभागात २०१५ पासून ट्राम फुकट आहे. एवढी सोय असताना मुलीला 'रात्री बाहेर नको' सांगण्यापेक्षा तिला परतीचे वेळापत्रक पाहायला, स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठी सोबत ठरवायला आणि अडचणीत ००० हा क्रमांक लावायला शिकवावे. रविवार ते गुरुवार रात्रभराची लोकल नसते, हेही तिला माहीत हवे.

सिडनीचा अनुभव वेगळा आहे. किंग्ज क्रॉस भागात दारूच्या नशेतल्या मारहाणींत तरुणांचे जीव गेल्यावर तिथे फेब्रुवारी २०१४ मध्ये कडक निर्बंध आले : रात्री दीडनंतर नवा प्रवेश नाही, तीननंतर मद्य नाही. शहराच्या मध्यभागातून ते जानेवारी २०२० मध्ये आणि किंग्ज क्रॉसमधून मार्च २०२१ मध्ये उठले. मधल्या काळात तिथल्या कितीतरी संगीताच्या जागा बंद पडल्या, आणि एखादे शहर रात्रीला घाबरले की त्याचे काय होते हे तिथल्या जुन्या रहिवाशांकडून ऐकण्यासारखे आहे. आज हिवाळ्याच्या तोंडावर व्हिविड महोत्सवात ऑपेरा हाउसच्या शिंपल्यांवर रंगीत प्रकाशचित्रे फिरतात, तेव्हा सर्क्युलर की या बंदराच्या धक्क्यावर लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे उभे असतात. ब्रिस्बेनमध्ये तर ऑगस्ट २०२४ पासून रेल्वे, बस आणि नदीवरची फेरीबोट यांचे भाडे ५० सेंट आहे आणि ते विद्यार्थ्यापासून पर्यटकापर्यंत सर्वांना एकच आहे. सूर्य मावळताना सिटीकॅट फेरीत बसून शहराचे दिवे लागताना पाहणे ही तिथली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर संध्याकाळ आहे.

मला स्वतःला रात्रीपेक्षा दुपारच्या समुद्राची भीती वाटते, आणि याविषयी घरून एकही निरोप येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर, एका भारतीय कुटुंबातली चार माणसे बुडाली. इथल्या किनाऱ्यांवर पाण्याचा उलटा ओढ असतो. तो वरून शांत दिसतो आणि पोहता येणाऱ्यालाही आत खेचून नेतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरायचे आणि झेंडे नसतील तिथे वाळूतच थांबायचे, हे विमानतळावर निरोप देतानाच सांगायला हवे. तसेच ग्रेट ओशन रोडचे. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधलेला हा रस्ता अप्रतिम आहे, पण रात्रपाळी करून आलेल्या मुलाने पहाटे भाड्याची मोटार काढून ट्वेल्व्ह अपॉसल्सचे सुळके पाहून त्याच रात्री परत येणे म्हणजे झोपेत वळणाचा घाट चालवणे आहे. एक मुक्काम करा, खर्च वाटून घ्या.

एक तक्रार मात्र सरकारकडे आहे. सिडनीत पूर्ण फी भरणाऱ्या बहुसंख्य परदेशी विद्यार्थ्यांना प्रवासात विद्यार्थी-सवलत मिळत आलेली नाही. मेलबर्नमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक पासावर सवलतीची योजना आहे, पण मास्टर्ससाठी आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना ती लागू होत नाही, आणि आपली मुले तर प्रामुख्याने मास्टर्ससाठीच येतात. फी सर्वांत जास्त त्यांच्याकडून घ्यायची आणि घराबाहेर पडायचे भाडेही पूर्ण घ्यायचे, हे न्याय्य नाही. विद्यार्थी संघटना ही मागणी वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. इथल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाला राज्यातले आमदार-मंत्री पाहुणे म्हणून येतात, शाल-श्रीफळ स्वीकारतात आणि मोदकांचे कौतुक करतात. यंदा त्यांच्या हातात शालीबरोबर या मागणीचे निवेदनही द्यावे, आणि त्यावर सह्या गोळा करायच्या असतील तर ते काम करायला मी तयार आहे.