कोकणात टँकर मागवण्याची सोपी रीत

वर्षाला 3000 मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या मुलखात पाणीटंचाई आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. तेवढ्या पावसात तुमच्या दहा गुंठ्यांच्या सी-व्ह्यू प्लॉटवर जवळपास 30 लाख लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे 300 टँकर, तेही फुकट. एवढं पाणी एप्रिलच्या आत वाटेला लावायचं तर नियोजन हवं.

सुरुवात सड्यापासून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारापासून करा. सातबाऱ्यावर त्याला 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हटलेलंच असतं, आणि सरकार खोटं कशाला लिहील? पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं फुलतात म्हणून कुणी कळवळलं, तर त्याला फोटो काढू द्या आणि दिवाळीनंतर जेसीबी बोलवा. अडचण फुलांची नाहीच, दगडाची आहे. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून आत मुरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि रेंगाळत पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. वाडीच्या विहिरी मे महिन्यापर्यंत याच साठ्यावर तग धरतात. चिरेखाण काढली की साठ्याची जागाच ट्रकात भरून जाते, वर चिऱ्याचे पैसे मिळतात. खाणीच्या खड्ड्यात जे लाल पाणी साचेल ते ऊन बघून घेईल.

आता प्लॉट. जुनं गडग्याचं दगडी कुंपण पाडा, झाडं तोडा, अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवा आणि उतार रस्त्याकडे द्या. पाणी एकदा पऱ्यात, म्हणजे ओढ्यात उतरलं की पुढची काळजी नको. सह्याद्री ते समुद्र अंतर थोडकं, उतार भरपूर. पावसाळा सरल्यावर वाडीतली माणसं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पऱ्याला वनराई बंधारा घालतात. तुमच्या बांधकामाच्या गोण्या मागायला येतील. आधीच जाळून टाका.

संडासाचं सांडपाणी जिरवणारा शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब हवा, असं जाणकार सांगतात. जांभ्याच्या भेगांतून पाणी झरझर जातं, तेव्हा खरं तर त्याहून लांब हवा. तुम्ही जिथे पाइप कमी लागेल तिथे खणा.

एवढं करूनही विहिरीत पाणी दिसलं तर बोअर मारा. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी थोडं जड. हिशेब ढोबळ पण कामाचा आहे: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर असतं. उलट, वरची पातळी एक मीटरने उतरवलीत की खालून खारं पाणी 40 मीटर वर सरकू पाहतं. तीन एचपीचा पंप, स्विमिंग पूल आणि चार वीकेंडची गर्दी, एवढं भांडवल पुरे. आधी साबण फेसणार नाही, मग डाळ शिजणार नाही, मग शेजाऱ्याच्या पोफळीची पानं टोकाकडून करपतील. माड मात्र बराच काळ तग धरतो, त्यामुळे व्ह्यू बिघडत नाही. एकदा शिरलेलं खारं पाणी निघायला वर्षानुवर्षं लागतात, तेव्हा काम टिकाऊ होतं.

घाई असेल तर आरओ बसवा. तो एक लिटर गोडं करताना निदान तेवढंच पाणी फेकतो. ते शोषखड्ड्यात सोडा.

एप्रिलात टँकर येईल. तो ज्या वाडीच्या विहिरीवर भरतो, तिथला सडा अजून शाबूत आहे. गुंठ्याला काय भाव चाललाय, तेवढं ड्रायव्हरला विचारून ठेवा.